चाळीस वाक्यांचा तक्ता

फ्यूजला एका वेबसाइटच्या संपादकाची मेल आली. घरून काम करणाऱ्या वेब डिझायनरची पाच आवडती सॉफ्टवेअर्स कोणती, प्रत्येकावर दोन-तीन ओळी लिहून बुधवारपर्यंत पाठवाल का? दोन वर्षांपूर्वी असं कुणी विचारलं असतं तर बाईने पाचाच्या जागी पंधरा लिहिली असती आणि वर, पाचच का म्हणून, त्या संपादकाची हजेरी घेतली असती. आता तिने मेल वाचली, एक तिरकी रेघ मारली, पुढे 'हो' एवढंच टाइप केलं, आणि पडद्यावर आख्खं उत्तर आपोआप उमटलं. 'नमस्कार. विचारणेबद्दल आभारी आहे. ठरलेल्या वेळेत नक्की पाठवते.' एंटर. विषय संपला.

हेच तिचं एक नंबरचं आवडतं सॉफ्टवेअर. वाक्य एकदा लिहून ठेवायचं, त्याला एक-दोन अक्षरांची खूण द्यायची, की पुढे ती खूण दाबली की वाक्य हजर. तिच्याकडे अशी दोनशेच्या वर वाक्यं होती, गट पाडून लावलेली. नव्या क्लायंटसाठी वेगळी, चिकट क्लायंटसाठी वेगळी, 'लोगो जरा मोठा करा' म्हणणाऱ्यांसाठी तर एक स्वतंत्र गट. नकाराची वाक्यं तिने इतकी गोड लिहिली होती की लोक नकार घेऊन वर थँक्यू म्हणायचे. बाकीची चार तिने भराभर उरकली: पडद्यावरचा कुठलाही रंग उचलून त्याचा नंबर सांगणारं, पडद्यावर मोजपट्टी धरणारं, कुठल्या कामाला किती वेळ गेला ते मोजणारा टायमर आणि पासवर्ड लक्षात ठेवणारं. प्रत्येकाखाली 'का आवडतं' हे लिहिलं. नंतर वाचून पाहिलं तर पाचही ठिकाणी एकच कारण होतं: डोकं वापरावं लागत नाही. तिने ते तसंच पाठवून दिलं.

आता तिला फ्यूज का म्हणायचे ते सांगायला हवं. शाळेच्या दाखल्यावर चांगलं चार अक्षरी नाव होतं, पण वडील पडले रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे आणि पोरगी अशी की जरा मनाविरुद्ध झालं की ताडकन उडायची. "आमचा फ्यूज उडाला हो," असं गिऱ्हाइकाला सांगून बाबा हातातलं काम टाकायचे आणि तिची समजूत काढत बसायचे. मोठी झाली तरी स्वभाव तोच राहिला. निळ्या रंगाच्या एका छटेवरून ती क्लायंटशी पाऊण तास भांडलेली आहे, आणि जिंकलेलीही आहे.

गेल्या अकरा महिन्यांत मात्र ती एकदाही उडाली नव्हती. क्लायंट म्हणाला जांभळा, की जांभळा. म्हणाला हिरवा, की हिरवा. खालच्या मजल्यावर महिनाभर भिंती फोडायचं काम चाललं होतं, ते तिला काम संपल्यावर शेजारणीने सांगितलं तेव्हा कळलं. वाईट वाटत होतं म्हणावं तर तसंही नाही. काहीच वाटत नव्हतं. दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल आपला असून आपला नसतो ना, तसं तिचं सगळंच झालं होतं. बरंय की, असं ती स्वतःला म्हणायची, काम तरी होतंय.

अकरा महिन्यांपूर्वी बाबांना झटका आला होता. उजवा हात गेला, पाय काठीवर आला, आणि बोलणं गेलं. अगदी सगळं नाही गेलं, एक शब्द मागे राहिला. 'बरोबर.' तोच का राहिला, देव जाणे. पाणी हवंय? बरोबर. दुखतंय? बरोबर. डॉक्टर गाढव आहे का? बरोबर. सुरुवातीला बापलेक दोघंही यावर पोट धरून हसले होते. मानेचीही तीच गत. हो म्हणायचं असलं की कधी आडवी हलायची, कधी उभी, तिचा तिलाच पत्ता नसायचा. दोन महिन्यांनी बोलायला शिकवणाऱ्या थेरपिस्ट ताई यायला लागल्या आणि पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, "त्यांना सगळं समजतंय. पण त्यांच्या 'बरोबर'वर जाऊ नका, मानेवरही जाऊ नका. लिहून दाखवतील तेच खरं धरायचं. आणि शब्द त्यांचे त्यांना जुळवू द्या. एका शब्दाला अर्धा तास लागला तरी थांबायचं."

अर्धा तास! एका शब्दाला! फ्यूजने दोन दिवस थांबून पाहिलं. बाबा डाव्या हाताच्या एका बोटाने एक अक्षर दाबायचे, पुढचं शोधत बसायचे, चुकलं म्हणून पुसायचे आणि घामाघूम व्हायचे. ते बघवेना तिला. तिसऱ्या दिवशी तिने आपलं लाडकं सॉफ्टवेअर बाबांच्या कॉम्प्युटरवर टाकलं, चाळीस वाक्यं त्यात बसवली, आणि लिहिलेलं वाक्य कॉम्प्युटर मोठ्याने वाचून दाखवेल अशी सोय केली. आवाज बाईचा होता, पण शब्द स्वच्छ होते. '/प' दाबलं की 'पाणी हवंय'. '/दु' दाबलं की 'पाय दुखतोय'. '/झो' म्हणजे 'मी आता झोपतो'. मग तिने त्याचा तक्ता केला, आणि काय देखणा केला! चार रंगांचे चार रकाने, रकान्यात दहा-दहा वाक्यं, ठसठशीत अक्षरं, जाड कार्डावर छापून पडद्याशेजारी उभा केलेला. थेरपिस्ट ताईंनी तो पाहिला, "सुंदर झालाय" म्हणाल्या, आणि पुढे काहीतरी म्हणणार होत्या ते म्हणाल्या नाहीत.

त्या गडबडीत तिच्या हातून एक चूक झाली. हे सॉफ्टवेअर दुसऱ्याला वापरायला द्यायचं तर त्याचं वेगळं खातं उघडायचं आणि त्याला लागेल तेवढाच गट त्याच्यासाठी खुला करायचा. क्लायंटचं काम असतं तर तिने हे दहादा तपासलं असतं. पण ते बाबांचं काम होतं, घरचं. तिने सरळ स्वतःच्या खात्याने त्यांच्या कॉम्प्युटरवर लॉगिन केलं, नंतर नीट करू म्हणाली, आणि विसरली. म्हणजे तिची दोनशे वाक्यं आता बाबांच्या घरीही होती. इकडे बदललं की तिकडे बदलणार, तिकडे बदललं की इकडे. बाबा कशाला तिथे डोकवायला जातायत, असं तिला वाटलं असेल. हा माणूस चांगला चालू रेडिओसुद्धा आत काय आहे ते बघायला उघडणारा, हे ती कशी विसरली कोण जाणे.

आई गेल्यापासून बाबांचा एक नेम होता. दुपारी दीडला फोन करायचे आणि विचारायचे, "जेवलीस का?" झटक्यानंतर फोन बंद झाला, पण तक्त्यात फ्यूजने आठवणीने ते वाक्य घातलं होतं. दीड वाजला की बाबा '/का' दाबायचे आणि तिच्या पडद्यावर मेसेज यायचा: 'जेवलीस का?' पहिले काही दिवस तिने सावकाश उत्तर लिहिलं. मग एके दिवशी, रोज तेच तर लिहितो आपण, असं म्हणून तिने एक नवा गट उघडला, त्याला 'बाबा' नाव दिलं आणि त्यात पाच वाक्यं टाकली. 'काम आहे बाबा, नंतर बोलते.' 'रविवारी नक्की येते.' 'दादाशी बोलणं झालं, तो मजेत आहे.' 'डॉक्टरांना विचारून सांगते.' आणि रोजच्या दीडसाठी '/जे': 'हो बाबा, जेवले. तुम्ही गोळ्या घेतल्या ना? काळजी घ्या.' तिकडून '/का', इकडून '/जे'. दोन सेकंदांत आटपायचं. खरं म्हणजे दीडला ती कधीच जेवलेली नसायची. चार वाजता ओट्यापाशी उभ्या उभ्या काहीतरी तोंडात कोंबायची. पण एवढं सगळं कोण सांगत बसणार?

सकाळी एक मावशी येऊन बाबांची आंघोळ आणि स्वयंपाक करून जायच्या. आठवड्यातून तीनदा फ्यूज जायची, औषधं भरून यायची, कपडे धुऊन यायची. मधे दोनदा बाबा न्हाणीघरात पडले. दुसऱ्यांदा पडले तेव्हा दोन तास तसेच पडून होते, कारण 'वाचवा' म्हणून ओरडायलाही त्यांच्याकडे 'बरोबर' हाच शब्द होता. शेजारच्यांना वाटलं, टीव्हीवर काहीतरी चाललंय.

मग दादाने वृद्धनिवास शोधून काढला. दादा लांब असतो, विमानाने जावं लागेल इतका लांब, आणि लांबून त्याला सगळं फार स्पष्ट दिसतं. निवास चांगला होता, उगाच नावं ठेवायला नकोत. हवेशीर खोली, पलंगाला कठडा, रोज डॉक्टर. पण तिथल्या बाई एका बाबतीत ठाम होत्या. "मुलांनी हो म्हटलेलं आम्ही धरत नाही. राहायला येणाऱ्याने स्वतः म्हटलं पाहिजे." त्या बुधवारी घरी येऊन बाबांना विचारणार होत्या. हो आलं, तर पहिल्या तारखेला खोली बाबांची आणि भाड्याचं हे घर रिकामं करून मालकाच्या हवाली. म्हणजे पुन्हा माघारी यायला जागा नाही.

"अगं, तुझ्या त्या तक्त्यात एक वाक्य वाढव ना," दादा व्हिडिओवर म्हणाला. "म्हणजे त्यांना सोपं जाईल."

फ्यूजने वाढवलं. एकेचाळिसावं वाक्य बसेना, रकाने बिघडत होते, म्हणून तिने 'मला बाहेर फिरून यायचंय' हे काढलं आणि त्या जागी नवीन पट्टी चिकटवली, जोड दिसू नये इतकी बेमालूम. '/तया': 'हो, मी तिथे राहायला तयार आहे.' तिला होकार हवा होता. फोन वाजला की आधी न्हाणीघर आठवायचं, ते थांबायला हवं होतं. याची तिला लाजही वाटली नाही, कारण लाज वाटायला आधी काहीतरी वाटावं लागतं.

बुधवारी अकराला बाई आल्या. साठीच्या आसपासच्या, पायात बूट, खांद्याला मोठी पिशवी. दादा टॅबलेटवर होता, टॅबलेट साखरेच्या डब्याला टेकवून टेबलावर उभा केलेला. बाईंनी मुलांकडे बघितलंच नाही. खुर्ची ओढून बाबांसमोर बसल्या आणि निवासाबद्दल सगळं सांगितलं, चांगलंही आणि वाईटही. जेवण अळणी असतं म्हणाल्या, शेजारच्या खोलीतले आजोबा घोरतात म्हणाल्या.

"तर काका, यायचंय का तुम्हाला आमच्याकडे?"

"बरोबर," बाबा म्हणाले.

"झालं की मग!" साखरेच्या डब्यापासून दादा म्हणाला.

"असं नाही चालायचं," बाई म्हणाल्या. "तुमच्या बहिणीने मला फोनवर सगळं सांगितलंय. लिहून दाखवू द्या त्यांना."

फ्यूज पुढे झाली. तक्ता उचलून बाबांसमोर धरला आणि चिकटवलेल्या पट्टीवर बोट ठेवलं. "बाबा, हे बघा. तिरकी रेघ आणि तया. मग एंटर."

बाबांनी पट्टीकडे बघितलं. मग तिच्याकडे बघितलं. हात काही उचलला नाही.

"बघू जरा," म्हणत बाईंनी तक्ता आपल्या हातात घेतला. चष्मा वर सरकवून चाळीसच्या चाळीस वाक्यं त्यांनी बोट फिरवत वाचली. मग मान वर करून, अगदी साधेपणाने, फ्यूजला विचारलं, "आणि नाही म्हणायचं असेल तर कुठलं?"

फ्यूजने तक्त्याकडे पाहिलं. पाणी हवंय. पंखा लावा. टीव्हीचा आवाज कमी करा. गोळ्या घेतल्या. बरं वाटतंय. आभारी आहे. नऊ महिने हा तक्ता डोळ्यांसमोर होता. त्यात 'नाही' नव्हतं. 'नको' नव्हतं. एकाही रकान्यात नव्हतं.

आणि ही कोण होती? डिझायनर. लोकांना हो म्हणायला कसं लावतात ते हिला कुणी शिकवायला नको होतं. 'हो'चं बटण मोठं, हिरवंगार करायचं, आणि 'नको, धन्यवाद' खाली करड्या रंगात, बारीक, दिसेल न दिसेल असं टाकायचं. असं कर म्हणणाऱ्या एका क्लायंटला तिने एके काळी "ही लोकांची फसवणूक आहे" असं तोंडावर सुनावलं होतं आणि ते काम सोडलं होतं. इथे तिने करडी अक्षरंसुद्धा ठेवली नव्हती. हे सगळं तिला त्या क्षणी कळलं, पण शेजारच्या घरातलं भांडण ऐकू यावं तसं, भिंतीपलीकडून.

"ते राहिलं," ती म्हणाली.

तेवढ्यात बाबांनी डावा हात पुढे केला, बाईंच्या हातून तक्ता काढून घेतला आणि उलटा केला.

मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहिलेलं होतं. वाकडीतिकडी, डाव्या हाताची अक्षरं. एकाखाली एक डझनभर खुणा. तक्त्यावरची त्यातली एकही नव्हती. बाबांनी वरून दुसऱ्या खुणेवर नजर रोवली, कीबोर्डकडे वळले, तिरकी रेघ शोधली, एक अक्षर दाबलं, दुसरं दाबलं. एंटर. आणि कॉम्प्युटरमधली बाई स्वच्छ, खणखणीत आवाजात बोलू लागली:

"नमस्कार. आपण माझी आठवण ठेवलीत याबद्दल मनापासून आभार. मात्र हाती असलेली कामं पाहता हा प्रकल्प स्वीकारणं मला शक्य होणार नाही. आपल्या पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा."

बाईंनी तोंडावर हात धरला होता.

"हे काय होतं?" दादा म्हणाला. "बिघडला का तो कॉम्प्युटर?"

"बरोबर," बाबा म्हणाले.

"अहो बाबा, महिनाभर राहून तर बघा! नाही आवडलं तर मग बघू की."

बाबांनी पुन्हा तक्त्याची मागची बाजू पाहिली. बोट खाली खाली आणलं. तिरकी रेघ, दोन अक्षरं, एंटर.

"क्षमस्व. काम ठरण्यापूर्वी मी नमुना तयार करून देत नाही."

आता मात्र बाईंना आवरेना. चष्मा काढून पदराने डोळे पुसू लागल्या. दादा लालबुंद झाला होता. "तू शिकवलंस हे त्यांना?" तो फ्यूजवर उखडला. "चेष्टा चाललीय इथे? आम्ही तुमच्या भल्याचंच बघतोय ना, बाबा?"

तिसऱ्यांदा बाबांना तक्ता बघावाही लागला नाही.

"आपली सूचना चांगली आहे, परंतु ती मूळ ठरलेल्या कामात बसत नाही."

"बरोबर," बाबा टॅबलेटकडे बघत म्हणाले. "बरोबर, बरोबर."

बाई उठल्या. "मला उत्तर मिळालं," त्या म्हणाल्या. "वीस वर्षं हे काम करतेय, पण इतक्या सभ्यपणे मला कुणी हाकललेलं नाही." मग पिशवीतून कागद काढून त्यावर दोन नंबर लिहिले, एक न्हाणीघरात आधाराच्या दांड्या बसवून देणाऱ्याचा आणि दुसरा गळ्यात अडकवायच्या घंटीवाल्याचा. दांडी असली की धरता येते, घंटी दाबली की शेजारी वाजते, एवढं केलंत तरी पुष्कळ, असं त्या जाता जाता म्हणाल्या.

फ्यूजचं तिकडे लक्ष नव्हतं. ती पेन्सिलीची अक्षरं बघत होती. सगळ्या तिच्या खुणा होत्या. नकाराच्या, मुदत मागण्याच्या, चिकट क्लायंटला गप्प करण्याच्या. बाबांनी तिचं आख्खं कपाट उघडून पाहिलं होतं, एकेक वाक्य वाचून त्यातली कामाची वेचून काढली होती. यादीच्या अगदी तळाशी, थोडी जागा सोडून, एक खूण एकटीच लिहिलेली होती. '/जे'.

ती बघतेय हे बाबांनी बघितलं. त्यांनी डावा तळवा हळूच सरकवून त्या खुणेवर ठेवला, कुणाचं तरी पत्र चुकून वाचलं गेल्यावर झाकावं तसा. तिचे कान तापले.

"निघते बाबा, काम आहे, नंतर बोलते," ती म्हणाली. दारातून बाहेर पडल्यावर तिच्या ध्यानात आलं, हेही त्या पाचांतलंच एक होतं.

घरी येऊन ती कामाला बसली. टायमर लावला. एका चष्म्याच्या दुकानाचं पान करायचं होतं, ते उघडलं. दीड वाजला. मेसेज आला नाही. पावणेदोन झाले. मेसेज नाही. नऊ महिन्यांत एकदाही चुकलेला नव्हता तो. रागावले असतील, असं तिला वाटलं. पडले असतील, असंही वाटलं, आणि तिने फोन उचलला, पण फोन करून काय विचारणार, आणि ते काय सांगणार? ती चष्म्याच्या फ्रेमा इकडून तिकडे हलवत राहिली. दोन वाजून गेले.

दोन वाजून वीस मिनिटांनी आला. 'जेवलीस का?'

तिचा जीव भांड्यात पडला. आणि बोटं, गाढव बोटं ती, त्यांना नऊ महिन्यांची सवय. ती काही ठरवायच्या आत त्यांनी तिरकी रेघ मारली, 'जे' दाबलं आणि एंटरही मारून टाकलं. नंतर तिने पडद्याकडे पाहिलं. तिच्या नावाने गेलेला मेसेज असा होता:

'नाही बाबा. येते.'

तिने तो दोनदा वाचला. मग वाक्यांचं कपाट उघडून 'बाबा' नावाच्या गटात गेली. चार वाक्यं होती तशीच होती. पाचवं बदललेलं होतं. त्याच्यापुढे सॉफ्टवेअरने आपली नेहमीची नोंद केली होती: शेवटचा बदल, आज, दोन वाजून सतरा मिनिटं. वापर, दोनशे एकोणसाठ वेळा. आत्ताचं हे एक सोडलं तर दोनशे अठ्ठावन्न. तो आकडा बाबांनाही दिसत होता. कोण जाणे किती महिने दिसत होता, आणि तरी ते रोज दीडला विचारत होते.

ती बारा वाजता तिथून निघाली होती. दोन वाजून सतरा मिनिटं. म्हणजे सव्वादोन तास ते एका बोटाने बसले होते, आधीचं वाक्य एकेक अक्षर पुसत, मग नवं एकेक अक्षर शोधत, चुकत, पुसत, घामाघूम होत. समोर कुणी नव्हतं, म्हणून कुणी घाई केली नाही. तीन शब्द. अकरा महिन्यांत त्यांनी स्वतः जुळवलेले पहिले तीन शब्द, त्यात पहिला 'नाही', आणि तो त्यांनी तिच्यासाठी लिहिला होता.

आधी तिला राग आला. चक्क राग! माझ्या तोंडात शब्द घालणारे हे कोण? परस्पर माझ्या नावाने उत्तर देणारे हे कोण? ती खुर्चीतून उठलीसुद्धा. आणि उभी राहिल्यावर तिला कळलं की नऊ महिने आपण दुसरं काय केलं, चाळीस वाक्यं त्या माणसाच्या तोंडात घातली, आणि त्यातलं फिरायला जायचंय तेवढं काढून घेतलं. मग सुई उतरल्यावर दाढ दुखायला लागते तसं दुखायला लागलं. ती रडली. टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकून, नाक वाहेपर्यंत, मोठ्याने रडली. बरं वाटेना, पण वाटत होतं.

फोनवर दादाचा मेसेज येऊन पडला होता. 'आता काय करायचं?' त्याच्यासाठीही तिच्याकडे एक खूण होती, 'बघते मी' असं लिहून येणारी. तिने ती वापरली नाही. एकेक अक्षर टाइप केलं. 'ते नाही म्हणाले. नाही म्हणजे नाही. न्हाणीघरात दांड्या बसवायच्या, गळ्यात घंटी घालायची, आणि तू महिनाभर रजा काढून यायचं. तिकडे बसून शहाणपण शिकवणं पुरे झालं आता. तिकीट काढलंस की कळव, त्याआधी काही लिहू नकोस.' पाठवून दिलं आणि चपला घालून ती निघाली. टायमर चालूच राहिला. चष्मेवाल्याच्या नावावर किती तास चढले कोण जाणे.

बाबांच्या घराचं दार लोटलेलं होतं. टेबलावरून कॉम्प्युटर एका बाजूला सरकवला होता आणि दोन ताटं मांडली होती, एका हाताने मांडल्यामुळे एक थोडं कडेबाहेर गेलेलं. वाढलेलं गार झालं होतं. बाबा खुर्चीत दाराकडे तोंड करून बसले होते.

फ्यूज त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. धावत जिना चढल्यामुळे तिला धाप लागली होती.

"मी जेवले नव्हते, बाबा," ती म्हणाली. "एकदाही नव्हते जेवले. दोनशे अठ्ठावन्न वेळा खोटं बोलले तुमच्याशी."

बाबांनी कडेबाहेर गेलेलं ताट डाव्या हाताने तिच्याकडे ओढून दिलं.

"बरोबर," ते म्हणाले.